मिनेझाकी-सान यांच्या दहा फ्रेम

एमीचा फोन आला तेव्हा मी ग्रोसरीच्या रांगेत होतो. "डॅड गेले. सकाळी, झोपेतच," एवढं म्हणून तीच मला धीर देत बसली... खरं तर उलट व्हायला हवं होतं. त्याला आता सहा आठवडे झाले. तिचे वडील मिनेझाकी-सान व्हिडिओ गेम डिझायनर होते. व्हँकुव्हरच्या एका स्टुडिओत नऊ वर्षं आमची टेबलं शेजारी होती. ते खेळ रचायचे आणि मी प्रोग्रामर, त्यांनी रचलेलं पडद्यावर घडवायचो. त्यांच्याविषयी लिहायचं तर एक गोष्ट कबूल करावी लागणार, म्हणून इतके दिवस टाळलं.

ओसाकातल्या एका छोट्या कंपनीत त्यांनी सुरुवात केली. खेळाचा प्रत्येक टप्पा आधी आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने काढायचा, ही सवय तिथली. पन्नाशीत इकडे आले तरी ती सुटली नाही. एकदा त्यांच्या जुन्या कागदांत बर्फातून पत्रं पोचवणारा कोल्हा दिसला आणि मी ओरडलोच. सांगलीत शाळेत असताना, एका कॅसेटमध्ये शंभर गेम असायचे ना, तसल्या नकली कॅसेटवर हाच कोल्हा मी सबंध मे महिना पळवला होता. त्यात बनवणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. चोरीचा माल खेळलो हे सांगताना मी ओशाळलो, तर त्यांनी गंभीरपणे विचारलं, "कुठे मरायचात?"

"दुसऱ्या पुलावर. दर वेळी."

त्यांनी चक्क कमरेत वाकून माफी मागितली. "तो पूल माझी चूक. लहान बोटांचा विचारच केला नव्हता."

असा माणूस. खेळणाऱ्याला जे जाणवतं पण सांगता येत नाही, ते आपल्याला आधी जाणवलं पाहिजे, हे मी त्यांच्याकडून शिकलो. माझ्या कामाला जे काही वळण आहे, ते त्यांनी लावलेलं. माझ्याकडून ते एकच शब्द शिकले. मी घरी फोनवर सारखं "झालं, झालं" करायचो, ते ऐकून. मग टेबलाशी येऊन विचारायचे, "मंदार-सान, झालं?" मी म्हणायचो, "झालं."

आमच्या गेममध्ये एका आजारी आजीची खोली होती. नातीने दाराला हात लावला की दार लगेच उघडायचं. त्यांना ते दहा फ्रेम उशिरा उघडायला हवं होतं. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं सरकतात, त्यातली दहा. पापणी लवण्याइतका वेळ. एका दुपारी बॉस आणि सगळी टीम मागे उभी असताना त्यांनी विचारलं, "झालं?" मी साफ विसरलो होतो, आणि माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती. "झालं झालं," म्हणत मी उगाच एक कळ दाबली. त्यांनी दार उघडून पाहिलं. जरा थांबले. "गुड," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी तो किस्सा केला. काहीही न बदलता म्हातारा खूश! सगळे हसून लोळले. ग्रेग नावाचा आमचा चित्रकार तर दर पार्टीत "ती दाराची स्टोरी सांग ना" म्हणून मागे लागायचा, आणि मी रंगवून सांगायचो. हळूहळू मिनेझाकी-सान काहीही सुचवोत, सगळेच न करता "डन" म्हणू लागले. पुढच्या गेमची सूत्रं त्यांच्याकडून काढून घेतली. निवृत्त होईपर्यंत ते दुसऱ्यांच्या टप्प्यांतल्या चुका शोधत बसले. मला बढती मिळाली. मी ती घेतली.

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या फ्लॅटवर गेलो तेव्हा, चहाचा कप खाली ठेवून, एकदाचं सांगून टाकलं. ते हसायलाच लागले.

"मला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही एकदा 'झालं' म्हटलं की झालेलं असतं. दोनदा म्हटलं की नसतं. मिसेसशी बोलताना रोज ऐकायचो मी!"

"मग 'गुड' का म्हणालात?"

"बॉस उभा होता." मग म्हणाले, "नंतर कराल, असं वाटलं."

मी कधीच केलं नाही. गेम तसाच बाजारात गेला. तो किस्साही त्यांच्या कानावर आला होता. "तुम्ही छान सांगता म्हणे," ते म्हणाले, आणि त्यात टोमणा नव्हता... असता तर बरं झालं असतं.

ते गेल्यावर महिन्याभराने एमीने एका कम्युनिटी सेंटरमध्ये जुन्या मंडळींना त्यांच्या आठवणी सांगायला बोलावलं. मागून ग्रेग ओरडला, "मंदार, द डोअर स्टोरी!" लोक आधीच हसू लागले, एमीसुद्धा. मी उठलो आणि या वेळी शेवटपर्यंत सांगितली. 'झालं' आणि 'झालं झालं' यांतला फरक इंग्रजीत समजावताना जीभ अडखळली. कुणी हसलं नाही.

"म्हणजे त्यांना माहीत होतं?" एमीने विचारलं.

"सगळं."

तिने मान हलवली आणि नंतर बराच वेळ माझ्याकडे पाहिलं नाही. बरोबरच होतं तिचं.

दोन दिवसांनी ग्रेगचा फोन आला. बेसमेंटमधून जुनं मशीन काढून त्याने तो गेम लावला होता. "आजीच्या दारात उभा आहे," म्हणाला. "पंधरा वेळा उघडलं मी ते दार. आतली म्हातारी सावरून बसायच्या आत आपण घुसतो रे तिच्या खोलीत."

मला पलीकडून दार पुन्हा उघडल्याचा आवाज आला.

"मंदार," तो म्हणाला, "हे फार लवकर उघडतं."