पदरात बांधलेला लाडू

आमच्या कॉलेजचा वार्षिक अंक घरी यायचा. जुन्या विद्यार्थिनी कुठे कुठे पोचल्या ते त्यात छापलेलं असायचं. माझ्या वर्गातली एक विलायतेला जाऊन डॉक्टर झाली, एक दिल्लीत मोठ्या हुद्द्यावर बसली, एक काळा कोट घालून हायकोर्टात उभी राहिली. मी गेले राजूरला, मुलींच्या वर्गावर मास्तरीण म्हणून. जालन्यात घरचे हळहळले. मी मुळीच हळहळले नाही. त्या तिघींना खुर्च्या तयार मिळाल्या. मला आधी पोरीच गोळा करायच्या होत्या.

निजामाचं राज्य जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. तपासणीला आलेले साहेब स्पष्टच बोलले, "दिवाळीपर्यंत पटावर पाच मुली दिसल्या तर वर्ग राहील, नाहीतर बंद." तेव्हा पटावर एकही नव्हती. खोली होती, फळा होता, मी होते.

कारण गावात बोभाटा झाला होता. बाई सिस्टर मंडळींच्या, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींच्या कॉलेजात शिकलेली, म्हणजे किरिस्ताव झालेली. आता पोरींनाही तसंच करणार! मी घरोघर हिंडले. पाणी मिळालं, पण दाराबाहेर, ओंजळीत वरून ओतलेलं. तरी हिंडत राहिले.

मग संकष्टी आली. सकाळी गणपतीला गेले. पुजाऱ्याने बुंदीचा लाडू हातावर ठेवला, तो मी कपाळाला लावला आणि पदराच्या टोकाला बांधला. पायऱ्यांवर फुलं विकणारी बाई टक लावून बघत होती. दुसऱ्या दिवशी गावभर झालं, बाईनं परसाद तोंडात घातला न्हाई!

माझं डोकंच फिरलं. खोलीला कडी लावून तडक देवळाकडे गेले. पायऱ्यांवर सात-आठ बाया बसलेल्या, फुलवाली मधोमध.

"मागं काय बोलता, समोर बोला," मी म्हणाले. "सिस्टरांची प्रार्थना मी चार वर्षं रोज म्हटली. अजून पाठ आहे, म्हणून दाखवू? आरत्याही पाठ आहेत. धर्म मी बदलला नाही. बदलला असता, तरी पोरींना बाराखडी हीच शिकवली असती!"

"मंग परसाद कामून खाल्ला न्हाई?" फुलवालीने विचारलं.

"अहो, संकष्टी होती! चंद्र दिसायच्या आधी बुंदी खाऊ? तुमच्यात चालतं का?"

तिने कपाळावर हात मारून घेतला. "अगं माय! उपास तर मलाबी व्हता."

बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मला मात्र रडू फुटलं, निव्वळ संतापाने. ते त्यांच्यासमोर फुटलं याची आणखी चीड आली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजून गेले तरी कोणी आलं नाही. मी फळा पुसत बसले होते. तेवढ्यात फुलवाली आली, नऊ वर्षांच्या लेकीचा हात धरून, आणि मागे तिच्या आळीतल्या चार पोरी. वर्ग वाचला! मी घाईघाईने नावं विचारायला लागले.

"बाई, हिला निस्ती हितंच नका ठिवू," फुलवाली म्हणाली. "तुमच्या त्या सिस्टरांच्या कालेजापत्तुर न्या."

"आणि हिलाही लोक किरिस्ताव म्हणाले तर?"

"म्हणू द्या की! मी हायेच पायरीवर बसलेली. बघून घीन एकेकाला."

"नेते," मी म्हणाले. आणि नेलीच.