सत्काराचा नारळ

मैत्रिणींनो, आत्ताच ड्युटीवरून घरी आलेय.

आज सकाळी धुळ्यात आमच्या हॉस्पिटलात सुनीता सिस्टरचा 'उत्कृष्ट परिचारिका' म्हणून सत्कार झाला. खुर्च्या मांडायला आमच्या वॉर्डाचा वॉचमनसुद्धा खाली नेला.

शाल-नारळ घेऊन ती थेट ड्युटीवर आली. तेवढ्यात पिंपळनेरच्या पेशंटचा मुलगा बाप मरतोय म्हणून ओरडत आत घुसला. "मना बाप मरी ऱ्हायना, अन् तुम्ही हार घाली ऱ्हायनात?" टेबलावरचा तोच नारळ त्याने तिच्या कपाळावर हाणला. रक्ताची धार लागली. मी तिचीच शाल जखमेवर दाबून धरली. वॉचमन अजून खाली खुर्च्याच उचलत होता.

टाके घालताना हॉस्पिटलचे मोठे साहेब आले. म्हणाले, "पेपरला फोटो सकाळचाच द्या हं."

पुढच्या वर्षी माझा नंबर आहे म्हणे. तो नारळ कुणाच्या डोक्यात घालू, सांगा!