ज्योतीरामची हजेरी

दिघीत आमच्या गल्लीत अंजलीइतकं शिकलेलं कोणी नाही. ती विद्यापीठात आंतरराष्ट्रीय अभ्यास या विषयात एम.ए. करते. गल्लीतल्या बायका तिला विचारतात, "म्हणजे नेमकं काय गं?" ती सांगते, "आपल्याकडं काय होतं त्याचा जाब तिकडं कोणाला विचारायचा, ते." बायका मान हलवतात. एवढं त्यांना पुरतं.

तिचे वडील ज्योतीराम चाकणच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते. ती पाचवीत असताना मशीनचा डाय, म्हणजे साचा, बदलताना क्रेनची साखळी तुटली आणि ते जागीच गेले. आई प्रभावतीकाकूंना कंपनीनं कॅन्टीनमध्ये घेतलं. काकू तिथं चपात्या लाटतात आणि भिंतीपलीकडून त्याच मशीनचे ठोके ऐकू येत राहतात.

डिप्लोमा झाल्यावर मी त्याच कारखान्यात क्वालिटीला लागलो. पहिल्याच आठवड्यात माझा हिशेब चुकायला लागला. ज्योतीरामांच्या मशीनवर गाडीचे पत्र्याचे ब्रॅकेट निघायचे, आणि त्याचा काउंटर दाखवायचा त्यापेक्षा सकाळच्या शिफ्टला एक पीस कमी भरायचा. मी मशीनवरच्या भिमाजीमामांना विचारलं. मामा खराबवाडीचे, ज्योतीरामांबरोबर काम केलेले.

"मामा, एक ब्रॅकेट जातो कुठं?"

त्यांनी मशीनच्या कडेला ठेवलेल्या पीसकडं बोट केलं. "त्यो ज्योतीरामचा."

"म्हणजे?"

"म्हंजे तुमच्या काउंटरला सांगा राव, शिफ्टला एक माणूस जास्त हाय."

बाकीचे हसले, मामा हसले नाहीत. अपघातानंतर मशीन पुन्हा चालू केलं तेव्हा पहिला पीस त्यांनी बाजूला काढला होता, आणि तेव्हापासून रोज काढतात. शिफ्ट सुटली की तो भंगारात जातो. मात्र खंडेनवमीला, मशीनची पूजा होते त्या दिवशी, मामा तो पीस पुसून दिघीला नेतात. काकूंचं घर बौद्ध, म्हणून त्याला हळदकुंकू लागू देत नाहीत. काकू पीस दोन्ही हातांनी घेतात, म्हणतात, "हजेरी लागली," आणि ट्रंकेत ठेवतात.

एकदा अंजली मला म्हणाली, "लहानपणी मला वाटायचं, पहिला पीस पप्पाच काढतात. म्हणजे ते कामावर आहेत. मग घरी येत नाहीत ते बरोबरच आहे."

"आणि आता?"

"आता वाटतं, त्यांना कोणी सुट्टीच देत नाही."

चाकणला दाबलेला पत्रा युरोपातल्या गाडीत बसतो. इथं तो दाबताना माणूस मेला तर तिथल्या खरेदीदाराची जबाबदारी किती, यावर तिला संशोधन करायचं होतं. एक परदेशी ट्रस्ट दरवर्षी अशा एका विद्यार्थ्याला वर्षभर जर्मनीत राहण्याचा सगळा खर्च देतो. अंजलीनं अर्ज केला आणि तिला मुलाखतीला बोलावलं. तिच्या मार्गदर्शक जयमालामॅडम म्हणाल्या, "हुशार सगळेच असतात. तुझ्याकडं जे आहे ते दुसऱ्या कोणाकडं नाही. काहीतरी दाखवायला ने."

तिनं आई कामावर असताना ट्रंक उघडली आणि वरचा पीस पर्समध्ये टाकला. त्या घरातून पीस कधी बाहेर गेलेला नव्हता.

मुलाखत पुण्यात, कॅम्पातल्या एका हॉटेलात होती. तिथं काय झालं ते तिनं नंतर मला सांगितलं. तिनं ब्रॅकेट टेबलावर ठेवला. पत्रा तळहाताएवढा, पण ठेवताना असा आवाज झाला की चहा घेऊन आलेला वेटर दारातच थांबला. कमिटीत एक जर्मन बाई होत्या आणि एक निवृत्त राजदूत.

बाईंनी तो हातात घेऊन विचारलं, "हा तुमच्या वडिलांनी बनवला?"

"त्यांच्या नावाचा आहे."

राजदूतांनी चष्मा कपाळावर चढवून पत्र्यावरचा ठसा वाचला. "ही तारीख मागच्या वर्षीची आहे. ते जाऊन तर बरीच वर्षं झाली ना?"

"हो," अंजली म्हणाली. "पण ते अजून सकाळच्या शिफ्टला असतात."

हे उत्तर तिनं तयार केलेलं नव्हतं. कोणी हसलं नाही. एसी चालू होता, तरी खोलीत मशीनच्या तेलाचा वास यायला लागला. आपल्यालाच येतोय असं तिला वाटलं, तेवढ्यात बाईंनी स्वतःची बोटं हुंगली. पीस तर स्वच्छ पुसलेला होता.

निवड झाल्याची ईमेल आली. खाली एक विनंती होती: तो ब्रॅकेट ट्रस्टच्या प्रदर्शनात काचेखाली ठेवायचा आहे. सोबत फोटो, कंपनीचं नाव आणि वडिलांची गोष्ट. संशोधनाला पुरावा म्हणूनही ते लागेल.

आईला सांगणं भाग होतं. मी तिथंच होतो. काकूंनी ऐकून घेतलं.

"मला त्या दिवशीच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "कामावरून आले तर घर रिकामं लागत होतं. कुठं नेलं होतंस त्यांना?"

"कॅम्पात."

"बसनं?"

"हो."

"खिडकीशी बसवलंस का?"

अंजलीला रडू आलं. काकूंनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "बाबासाहेबसुद्धा शिष्यवृत्तीवरच शिकायला गेले होते. तू जावंस असं मला वाटत नाही होय? कंपनीचं नाव आलं तर माझी नोकरी जाईल, हे भेव दाखवू नकोस मला, चपात्या कुठंही लाटीन. पण ते तिकडं काचेत राहिले, तर इकडं कोणाची हजेरी लावायची?"

"मग नको म्हणू?"

"तुला जायचंय?"

"खूप."

"मग तूच ठरव. मला हो म्हणायला लावू नकोस."

अंजलीनं दोन दिवस घेतले. मग ट्रस्टला कळवलं की संशोधन करीन, पण पीस आणि वडिलांची गोष्ट देता येणार नाही. उत्तर सभ्य होतं. कमिटीला वाईट वाटलं होतं, पण पुराव्याशिवाय विषय उभा राहत नव्हता. प्रतीक्षा यादीतल्या मुलाला संधी मिळाली.

जयमालामॅडम फोनवर म्हणाल्या, "अगं, पत्र्याच्या एका तुकड्यासाठी?"

काल ती माझ्याकडं आली. जर्मनीचीच दुसरी एक शिष्यवृत्ती निघाली होती आणि तिचा लॅपटॉप बिघडला होता. माझ्या लॅपटॉपवर तिनं भराभर सगळं भरलं. वडिलांच्या नावापुढं दोनच पर्याय होते, हयात किंवा मयत. तिथं ती थांबली.

"मयत कर," मी म्हणालो. "खोटं भरलं तर अर्ज बाद होतो."

"माहितीये."

स्क्रीन तशीच राहिली. वेळ संपून साइटनं आम्हाला बाहेर काढलं. पुन्हा लॉगिन केलं, पुन्हा तेच झालं.

"तू कर," ती म्हणाली. "माझ्याच्यानं होत नाही. मी आईला बसस्टॉपवरून घेऊन येते."

ती गेली. मी माउस धरून बसलो. फक्त एक टिचकी द्यायची होती आणि तिचं जर्मनीला जाणं त्यावर अडलं होतं. मला सगळं पटत होतं. तरी बोट चालेना.

दुसऱ्या दिवशी मला सकाळची शिफ्ट होती, ज्योतीरामांबरोबर.