युनिवर्सिटीतली लाल टिकली

डोमा आमचा लहाना भाऊ. सख्खा, पाठचा. हे पहिलेच सांगून ठेवतो, कारण लाखांदूरच्या बाजारात आता कोणीबी उठते अन् सांगते, डोमा पेंटर आमच्या नात्यातला. नातं-बितं कोणाचं नाही. भाऊ आमचा हाये, अन् त्याचा मोठा भाऊ सुखराम म्हणजे खुद्द आमी. पण गोष्ट डोमाची हाये. म्हणून इथून पुढं आमी बी सुखरामले सुखरामच म्हणतो. तो त्याच्या जागेवर, डोमा डोमाच्या जागेवर.

त्या टायमाले, म्हणजे सत्तर सालाच्या पुढं, दिवाळी झाली का गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरे. मंडई म्हटलं का नाटक, अन् नाटक म्हटलं का पडदे. राजवाडा, जंगल, रस्ता, गरिबाची झोपडी. हे सारे पडदे डोमा रंगवे. घरामागच्या सांदवाडीत मांजरपाट कापड ताणे, चुलीवर डिंकासारखा सरस शिजवे, त्यात पावडरचे रंग कालवे, अन् बांबूले बांधलेल्या ब्रशनं उभ्या उभ्या जंगल काढे. त्याच्या जंगलात मोहाचं झाड मोहाचंच दिसे, सागाचं सागाचंच. सिहोऱ्याच्या मंडईत त्याचा जंगलाचा पडदा पडला अन् बाजूले बांधलेला बैल दावं तोडून उठला, असं सुखराम सांगे. लोक म्हणत, बैल फटाक्यानं उठला. सुखराम म्हणे, "फटाका त दरसाल वाजते. बैल त्याच साली काहून उठला?"

शिकले दोघंही चौथीपरेंत. सुखराम पास झाला, डोमा राहिला. पाटीवर बेरीज कर म्हटलं त तो मास्तरचं नाक काढे. नाक बरोबर येत होतं, म्हणून मारही बरोबर पडे.

डोमाची बायको रुखमा. पवनीकडची पोरगी. सरस ढवळे ती, रंग कुटे ती, पडदा वाळला का दुसरं टोक धरून घडी घाले ती. कमी बोले. पण बोलली का डोमा हासे, अन् डोमा तसा हासणारा माणूस नव्हे.

एका उन्हाळ्यात पडद्याचं कापड थोडं उरलं. रुखमा आंघोळ करून, ओले केस पाठीवर सोडून, आंगणात तांदूळ पाखडत बसली होती. डोमानं ब्रश घेतला.

"हालू नको," तो म्हणे.

"नाही हालली त तांदूळ कोण पाखडन? तुमच्या जंगलातले वाघ?"

ती हालत राहिली, हा काढत राहिला. चित्र झालं. सूप, सुपातले तांदूळ, हातातल्या बांगड्या, ओले केस, अन् तोंड. रुखमा उठून पाहाले आली अन् कपाळावर हात मारून म्हणे, "अवो, कुंकू कुठी हाये? कपाळ कोरं काहून ठेवलं?"

"तू लावलं कुठी होतं? तशीच त येऊन बसली."

"मंग आता लावा ना."

"सरस थंडा झाला. लावतो कधी."

चित्राले चौकट केली, काच बसवली, पडवीत टांगलं. कुंकू राहून गेलं.

एकोणऐंशीच्या पावसाळ्यात, धानाचा रोवणा चालू असताना, रुखमाले ताप आला. बांधीतून आली ते खाटेवर पडली. बंडी जुंपून दवाखान्यात नेली. दवाखान्यातून बंडी वापस आली तवा रुखमा पांघरुणाखाली होती.

डोमा रडला नाही. बाया म्हणत, "रड गा बावा, मोकळा हो." तो त्याईच्या तोंडाकडं पाहे. जेवाले वाढलं त जेवे. नाही वाढलं त बसून राहे. मंडईचे दिवस आले तवा उठला, सरस शिजवला अन् राजवाडे काढले. राजवाडे पहिल्यासारखेच झाले. लोक म्हणत, सावरला. सुखराम बी म्हणे, "आमचा डोमा हाये तो. वाघ!"

पण एक गोष्ट डोमाले हळूहळू समजली. डोळे मिटले का रुखमाचे हात येत. बांगड्या येत, लुगड्याचा काठ येई. तोंड येत नव्हतं. तोंडाच्या जागेवर कोरं मांजरपाट. मंग तो उठून पडवीत जाये, चित्रापुढं उभा राहे, तोंड पाहून घे, अन् कामाले लागे. सकाळी पाह्यलेलं तोंड दुपारपरेंत पुरे. दुपारी पुन्हा जाये. दुसरं काही नव्हतं घरात. लग्नात सुखरामनं साकोलीहून फोटोवाला आणला होता, भल्ला थाट केला होता, पण त्या फोटोत रुखमा म्हणजे नुसता पदर अन् मुंडावळ्या. तोंड होतं ते त्या एका काचेखाली.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात केवळराम गुरुजी एका सरले घेऊन आले. केवळराम गुरुजी आमच्या गावच्या शाळेचे, अन् सर नागपूरच्या युनिवर्सिटीतले. तिथं चित्र लावाची एक गॅलरी हाये म्हणे, अन् त्याईले झाडीपट्टीच्या नाटकाचे पडदे तिथं लावाचे होते. सुखरामनं खाट टाकली, चहा सांगतला अन् बैलाची गोष्ट सांगतली. सरनं ती लिहून घेतली.

पडदे पाह्यले, पसंत केले. जाता जाता सर पडवीत थांबले.

"हे कुणाचं काम?"

"कोणाचं म्हणजे? आमच्या डोमाचंच," सुखराम म्हणे. "हे त त्यानं हासत-खेळत काढलं."

"हे प्रदर्शनात हवं. नक्की हवं."

"नाही," डोमा म्हणे. त्या दिवसभरात तो तेवढंच बोलला होता.

सर गुरुजीकडं पाहाले लागले. सुखरामनं डोमाले बाजूले, गोठ्यापाशी नेलं.

"काहून नाही म्हणतं गा? आपल्या गावच्या कोणत्या बाईचं चित्र युनिवर्सिटीत लागलं आजपरेंत? सारं नागपूर येईन पाहाले."

"वापस येईन ना?"

"म्हणजे? पडदे वापस येतेत तसं तेही येते."

"भाऊ, मले तिचं तोंड याद येत नाही. ते नाही आलं त काहीच नाही राहात."

"मी आणतो ना. माह्या छातीशी धरून आणतो. सुखरामचा शब्द हाये."

डोमानं चित्र भिंतीवरून काढलं अन् धोतराच्या सोग्यानं काच पुसून दिली.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी दोघं भाऊ एसटीनं नागपूरले गेले. सुखरामनं नवा फेटा बांधला होता. गॅलरी म्हणजे मोठा पांढरा हॉल, खाली चकचकीत फरशी. डोमाचे पडदे वरून खालपरेंत सोडले होते. डोमा आपल्या जंगलापुढं जाऊन उभा राहिला. त्याच्या जंगलाले लोकं गॅसबत्तीत पाहात. दिवसाच्या उजेडात पहिल्यांदा कोणी पाहून राहिलं होतं. एका झाडाखाली हिरवा ओघळ आला होता. तो त्याच ओघळाकडं पाहात राहिला.

तिकडं सर सुखरामपाशी आले. भल्ली गर्दी, सारे एकदम बोलून राहिलेले.

"सुखरामजी, पडदे तर तुम्ही परत न्यालच. पण हे छोटं चित्र, हे ठेवायचं का? कोणी विचारलं तर?"

"ठेवा ना सर!" सुखराम म्हणे. "ठेवासाठीच त आणलं. अन् कोणी विचारलं त बेधडक सांगा, डोमाचं हाये, लाखांदूरकडच्या!"

सर हासले, मान हालवली अन् पाहुण्यायकडं गेले.

गावाले आल्यावर डोमा पडवीत गेला. भिंतीवर चौकटीएवढा चौकोन सफेद होता, बाकी भिंत धुरानं काळी. तो सांदवाडीत आला, कापडाचा तुकडा ताणला, म्हटलं आपणच काढून पाहू. डोळे काढले, नाक काढलं, ओठ काढले. मागं सरून पाह्यलं त नाटकातली राणी! राजवाड्याच्या पडद्यावर झरोक्यात उभी राहते, तीच. ओल्या फडक्यानं पुसली. पुन्हा काढली. पुन्हा राणीच आली. मंग त्यानं ब्रश धुतले अन् खाटेवर जाऊन बसला. सुखरामची बायको कौशल्याबाई जेवाले बोलवाले आली त म्हणे, "वहिनी, भूक हाये का नाही ते समजत नाही." तिनं वाढलं. तो जेवला.

प्रदर्शन संपायच्या दिवशी दोघं पुन्हा गेले. सामान दुसऱ्या दिवशी सकाळी भेटन असं सरनं सांगतलं होतं, पण डोमाले राहावलं नाही. दुपारीच हॉलमध्ये शिरला, सरळ रुखमापुढं गेला. उभा राहून पाहात राहिला. नाक, डोळे, ओठ. भुकेलं जनावर चाऱ्याच्या डोंग्यात तोंड घालते तसा.

मंग त्याले चौकटीच्या खालच्या कोपऱ्यावर एक लाल टिकली दिसली. गोल, कुंकवाएवढी. पहिल्या दिवशी नव्हती.

"भाऊ, हे काय होय?"

सुखराम वाकला. बोट लावून पाह्यलं. कागदाची होती. आजूबाजूले पाह्यलं त आणखी दोन-तीन चित्रायले तशीच टिकली, बाकीच्यायले नाही.

"समजलं," सुखराम म्हणे. "मान देला मान. आपण दसऱ्याले नांगराले कुंकू लावतो, वजन-मापाले लावतो, तसं. शहरातल्या बाया कुंकू कुठी लावते आता? टिकल्याच लावते. कोण्या बाईनं तुह्या चित्राची पूजा केली डोमा! अन् पाह्य, साऱ्यायले नाही लावली."

डोमा टिकलीकडं पाहात होता.

"तिचं कपाळ कोरं राहिलं होतं," तो म्हणे. "पाह्यलं असन कोणीतरी. काचेवर कशी लावन, म्हणून चौकटीले लावली."

"तेच."

"बरं झालं."

रुखमा गेल्यापासून कोणत्याही गोष्टीले डोमा बरं झालं म्हटला नव्हता. सुखरामनं हॉलच्या पहारेकऱ्याले बोलावून टिकली दाखवली. "आमच्या भावाचं चित्र हाये. मानाचं हाये." पहारेकरी म्हणे, "हो भाऊ, बढिया हाये. गेलं म्हणते ना ते." सुखरामनं ऐकलं ते असं का चित्र गाजलं. धर्मशाळेत आल्यावर डोमानं आपणहून भाकर मागून घेतली अन् वर कांदा मागतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉल उघडला तवा दोघं दारातच होते. पडदे उतरवून, गुंडाळून, सुतळीनं बांधून तयार ठेवले होते. रुखमाच्या जागेवर खिळा होता.

सर आतून आले, हसतमुख. "अभिनंदन! पहिल्याच प्रदर्शनात चित्र गेलं. कलकत्त्याच्या एक बाई आहेत, फार जाणकार. प्रदर्शन संपेपर्यंत थांबल्या, आज पहाटेच्या गाडीनं घेऊन गेल्या." अन् त्याईनं एक पाकीट पुढं केलं.

"गेलं म्हणजे?" सुखराम म्हणे.

"विकलं गेलं. ती लाल टिकली लावली होती ना? विकलेल्या चित्राला लावतो आम्ही."

"आमी इकलं कवा?"

सरचं हासू उतरलं. "मी तुम्हाला विचारलं होतं, सुखरामजी. ठेवायचं का, कोणी विचारलं तर? तुम्ही म्हणालात, ठेवा."

सुखराम आजही हेच म्हणते: ठेवणं म्हणजे ठेवणं. ठेवणं म्हणजे इकणं अन् विचारणं म्हणजे भाव विचारणं, हे ज्या शाळेत शिकवते त्या शाळेत आमी गेलो नाही. पण त्या सकाळी तो आवाज चढवून म्हणे, "वापस आणा! त्या बाईले तार करा!"

"पत्र लिहितो," सर म्हणे. त्यायचंही तोंड पडलं होतं. "पण त्यांनी फार मनापासून घेतलंय. देतील असं वाटत नाही."

डोमा खिळ्याकडं पाहून राहिला होता. ना रागावला, ना खाली बसला. मंग सरकडं वळला.

"सर, तुमी त तिले रोज पाहात होते. सांगा बरं, नाक कसं होतं?"

सरनं डोळे मिटले. आठवून पाह्यलं त्याईनं, खरंच पाह्यलं. "चांगलं होतं," ते म्हणे. "मी... मी रंग बघत होतो, डोमाजी."

डोमा सुखरामकडं वळला. "भाऊ, तू सांग."

साऱ्या जिल्ह्यासाठी बोलणारा सुखराम. त्यानं फरशीकडं पाह्यलं. आमच्याकडं लहान्या भावाच्या बायकोले मोठा भाऊ म्हणजे भासरा. भासऱ्यापुढं तिनं पदर वर करायचा नाही, अन् भासऱ्यानं तिच्या तोंडाकडं पाह्यचं नाही. घरात इतके वर्ष वावरली, पण सुखरामनं रुखमाचं तोंड पाह्यलं नव्हतं. अन् ज्या चित्राचं तो बाजारभर सांगत फिरला, त्या चित्रातही त्यानं कधी डोळा वर केला नव्हता.

"मी भासरा ना गा," तो म्हणे. "मी सुपाच्या वर कधी पाह्यलंच नाही."

"हो," डोमा म्हणे.

पाकीट सरच्या हातातच राहिलं. डोमानं जंगलाच्या पडद्याचं एक टोक उचललं अन् वाट पाहात उभा राहिला. सुखरामनं दुसरं टोक उचललं.