मी न लिहिलेलं लग्न

आमच्या घरी मराठी बोलतात, पण मी गोष्टी लिहिते त्या कन्नडमध्ये. टीव्हीवरची एक आवडती मालिका मधेच बंद पडली, तेव्हा आम्ही काही बायका तिची पुढची कथा आपापल्या परीनं लिहू लागलो. नंजनगूडच्या एका निवृत्त शिक्षिकेनं त्यासाठी वेबसाइट काढली. त्यांना आम्ही सगळ्या अक्का म्हणायचो. लिहिणं फुकट, वाचणंही फुकट.

मग बंगळूरच्या एका कंपनीचा तरुण भेटायला आला. आमच्या शहरातल्या सरस्वतीपुरम भागातल्या हॉटेलात आम्हाला डोसे खिलवून म्हणाला, "वेबसाइट आम्ही सांभाळतो. तुम्ही फक्त लिहा."

"आणि गोष्टी कुणाच्या?" मी विचारलं.

"तुमच्याच की, मॅडम!"

उत्तर इतकं पटकन आलं की मला ते खटकलं. तो गेल्यावर मी तसं बोलून दाखवलं. "तुला सगळ्यातच काळंबेरं दिसतं," अक्का हसून म्हणाल्या.

काही महिन्यांनी आत्यानं स्वयंपाकघरातून हाक मारली. तिच्या मोबाइलवरच्या एका अ‍ॅपवर कुणीतरी गोष्ट वाचून दाखवत होतं. "अगं, ही तुझीच ना? पण त्या डॉक्टरशी तिचं लग्न कशाला लावलंस?"

माझ्या गोष्टीत लग्न नव्हतंच. माझी नायिका शेवटी बेट्टदपुरच्या शाळेत शिकवायला जाते. मी जवळ जाऊन ऐकलं. वाक्यं माझी, शेवट भलत्याचाच, आणि लेखिकेचं नाव कुठेच नाही. वर, पुढचा भाग हवा तर पैसे भरा!

अक्कांनीच विकलं असणार, असं मनानं घेतलं. बस धरून नंजनगूड गाठलं आणि दारातच विचारलं, "अक्का, तुम्ही त्याला काय लिहून दिलंत?"

त्यांनी मला आत नेऊन लॅपटॉप उघडला, पासवर्ड घातला. त्यांच्याच वेबसाइटवर त्यांना प्रवेश मिळेना.

"देखभालीसाठी म्हणून सगळं त्याच्या हाती दिलं गं. लिहून काहीच घेतलं नाही, सुम्ने, असाच आपला विश्वास ठेवला. तुम्हा सगळ्यांना सांगायची लाज वाटली."

माझा राग ओसरला. तरी कॉफी पिताना मी त्यांचा चेहरा निरखतच होते.

आम्ही सगळ्यांनी मिळून त्या अ‍ॅपकडे तक्रारी केल्या, तेव्हा ते वाचन काढलं गेलं. वेबसाइट मात्र परत मिळाली नाही. आता आम्ही मोबाइलवरच्या छोट्या गटात लिहितो. नवीन कुणी यायचं म्हटलं की मी आधी फोन करते: कुठे राहता, आमच्याबद्दल कुणी सांगितलं, काय करता. परवा एकीनं वैतागून फोनच ठेवला. बिचारी साधी वाचक असेलही. मी तिला गटात घेतलं नाही.