'पोचलो'चा फोन राहिला

मंडळी, जरा घाईतच लिहितेय.

लग्नाच्या वाढदिवसासाठी मी आणि निखिल आज खालापूरजवळच्या एका रिसॉर्टवर आलो. थीम 'जुनं गाव'. चूल, कंदील आणि मोबाईलबंदी. गेटवरच फोन कपाटात ठेवून घेतात. आम्ही हसत हसत दिले.

जेवायला बसलो आणि आठवलं. आईला 'पोचलो' म्हणून फोन केलाच नाही.

आई कर्जतच्या पुढे शेलूला एकटी असते. तिला बीपी आहे, आणि आमचं बाईकवर येणं तिला मुळीच पटलं नव्हतं.

धावत गेटवर गेले. तिथल्या मावशी म्हणाल्या, "चावी मॅनेजरकडं हाय, ते कर्जतला गेलेत. माझ्या फोनवरून लाव की." पण आईचा नंबर आम्हा दोघांनाही पाठ नव्हता.

मॅनेजर आले तेव्हा ऊन उतरलं होतं. फोनवर आईचे कॉलच कॉल. मी लावला तर ती उचलेना. पुन्हा लावला, तरी नाही.

तेवढ्यात गेटवर आईच्या शेजारच्या काकांची रिक्षा थांबली. आई उतरली, हातात मी लिहून दिलेला रिसॉर्टचा पत्ता. पिशवीत तिचा फोन वाजत होता. मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, "धड आहेस ना गं?" म्हणाली आणि पायरीवरच बसली.

चहा घेऊन ती त्याच रिक्षाने परत गेली. "पोचले की फोन करते," म्हणाली.

आता अंधार पडलाय. तिचा फोन आलेला नाही, मी लावला तर लागत नाही.

कर्जतवरून शेलूला जाताना रस्त्यात रेंज जाते ना हो?