अण्णांचं चियांग माई

थायलंडचा विषय निघाला की अण्णा आधी चष्मा काढून टेबलावर ठेवायचे. समोरच्याच्या तोंडावरचं हसू दिसायला नको म्हणून. मग म्हणायचे, "तुमास्नी खोटंच वाटणार म्हणा, पर ऐका."

आता तुम्हीच सांगा. निपाणीच्या सरकारी कचेरीतला हेडक्लार्क निवृत्तीच्या तोंडावर, बायकोला घरी ठेवून, एकटाच थायलंडला जाऊन येतो आणि वर म्हणतो, "विहारं बघायला गेलतो." कोण विश्वास ठेवेल? आमच्या कचेरीत शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांनी एकमेकांना डोळे मारून घेतले. "अण्णा, मालिश कशी असते हो तिकडं?" एवढं विचारण्यापुरतं सगळ्यांचं कन्नड-मराठी एक झालं.

खरं तर बेंगळुरूला असलेल्या त्यांच्या मुलानं दोघांचीही सोय केली होती. ऐनवेळी आक्का, म्हणजे अण्णांची बायको, अडून बसल्या. "जमिनीवरनं जाणारी गाडी असंल तर सांगा, येतो मी." अण्णांनी नागपूरची दीक्षाभूमी दोनदा केलेली. पण अख्खं गावच बुद्धाचं आहे, असं गाव एकदा डोळ्यांनी बघायचं त्यांच्या मनात फार होतं. म्हणून गेले एकटे. चियांग माईला. जुनं, निवांत शहर, भोवती चौकोनी खंदक, आत गल्लोगल्ली विहार.

पहिल्याच दिवशी त्यांनी हॉटेलातल्या बाईंना "जय भीम" केला. बाईंनी हसून हात जोडले. अण्णा चाटच पडले. मग काय, फळवाली, पोस्टमन, तिथल्या लाल वडापचा, म्हणजे शेअर गाडीचा, ड्रायव्हर, दिसेल त्याला जय भीम! सगळे हात जोडायचे. इतक्या लांब बाबासाहेब पोचले म्हणून अण्णांना भडभडून आलं. मग एकदा त्याच बाई अर्ध्या चड्डीतल्या गोऱ्या पाहुण्यालाही तसेच हात जोडताना दिसल्या.

"मग बंद केलंत?" मी विचारलं.

"छ्या! कशाला म्याडम? हात तर जोडत्यात की."

तिथल्या पाट्यांवर ते फार खूश होते. "एक अक्षर वाचता येत न्हाय. म्हंजे पाटी कुठल्या भाषेत पायजे, हे भांडणच न्हाय बघा." हे वाक्य त्यांनी आमच्या कचेरीत, कन्नड-मराठी दोन्ही बाजूंचे लोक बसलेले असताना म्हटलं. दोन्ही बाजू चिडल्या.

एकदा मात्र चष्मा हातातच धरून बोलले. "इथं नवा साहेब आला की आडनाव इचारतो. त्यातनं न्हाय कळलं तर गाव. त्यातनं बी न्हाय कळलं तर गावात घर कुठल्या अंगाला. तिथं विहाराच्या पायरीवर दिवसभर बसून हुतो म्याडम. शेजारी एक म्हातारी येऊन बसली. मी आपलं पालीतलं त्रिसरण म्हणाय लागलो, तर तीबी माझ्यासंगं म्हणाय लागली. सूर निराळा, शब्द त्येच. जाताना मला निम्मं केळं देऊन गेली. कोण, कुठला, कायबी इचारलं न्हाय." त्यावर कुणी डोळा मारला नाही. पण विश्वास ठेवला असंही नाही.

पुरावा म्हणावा तर मोबाइलभर बुद्धमूर्ती. बसलेल्या, निजलेल्या, सोन्याच्या, दगडाच्या. एकाही फोटोत अण्णा नाहीत. का, तर "तथागताकडं पाठ करून कसं उभारायचं?" झालं! इंटरनेटवरचे फोटो दाखवतो म्हणून लोक आणखीच हसले. तेही हसले. म्हणाले, "जगाला काय म्हणायचं ते म्हणूंदे. घरात हिनं एकदा व्हय म्हणावं, बास."

आणि तिथंच गाडी अडली होती. आमची घरं भिंतीला भिंत लागून. संध्याकाळी आक्का भाकरी थापायला बसल्या की पलीकडं सुनावणी सुरू व्हायची.

"पाऊस हुता का तिथं?"

"हुता की, थोडा."

"खोटं. काल ऊन हुतं म्हणालासा."

"अगं, सकाळी ऊन, दुपारी पाऊस!"

"मग छत्री कुठली?"

अण्णा छत्री कुणी दिली ते सांगायचे. त्यातून देणाऱ्याचं दुकान निघायचं, दुकानातून गल्ली, गल्लीतून विहाराच्या दारात झोपलेली कुत्री. वकिलानं काय उलटतपासणी घ्यावी! शेवटी थकून विचारायचे, "आता तरी पटलं?" थापण्याचा आवाज थांबायचा. "न्हाय." की पुन्हा थप थप सुरू. निवृत्तीनंतर तर दुपारचीही सुनावणी लागली. मला अण्णांची कीव यायची. एवढा सरळ माणूस, आणि घरातच आरोपी!

गेल्या हिवाळ्यात अण्णांचं हृदय थकलं. आठवडाभर दवाखान्यात होते, तिथूनच गेले.

पुण्यानुमोदनाला सगळी कचेरी आली. ज्यांनी डोळे मारले होते तेच माइकवर "अण्णांची धम्मयात्रा" म्हणून बोलले. भन्तेजी गेले, पंगती उठल्या. मी आत आक्कांजवळ बसले. राहवलंच नाही. "आक्का, तुम्हाला शेवटपर्यंत पटलं नाही होय हो?"

"पटलं न्हाय? त्यो मानूस खोटं बोलाय लागला की कान लाल हुयाचं त्याचं. आल्या दिवशीच पटलं की मला."

"मग एकदा म्हणायचं तरी!"

आक्कांनी डोळ्याला पदर लावला. "लगीन झाल्यापास्नं ह्यांचं बोलणं म्हंजे जेवाण वाढ आणि कडी लाव. सगळी अक्कल हाफिसात, घरात मुकं. त्या गावासनं आल्यावर पयल्यांदा माझ्याम्होरं बसून बोलाय लागलं. व्हय म्हणलं असतं, तर गप बसलं असतं की ह्ये."

मग पुढं म्हणाल्या, "दवाखान्यात सांगणार हुतो गं मी. रोज इचारायचं ह्ये, आता तरी पटलं का. म्हणलं, उद्या सांगू. आज आणिक थोडं बोलूंदेत."